राग तेवढा चालतो

आज इथे बडोद्यात, कारेलीबागेत एका बेसण्याला, म्हणजे शोकसभेला गेले होते. गेलेली बाई चाळिशीची, मुलगा नववीत. पांढऱ्या गादीवर बापाशेजारी बसला होता. फोटोला फुलं वाहताना त्याला हुंदका फुटला, तर एक आजोबा म्हणतात, "अरे, मुलगा ना तू? पप्पांना आता तुलाच सांभाळायचंय." पोरानं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि गप्प झाला. आई गेलीय हो त्याची! आता नाही रडायचं तर कधी? तिथे बोलता येईना, म्हणून इथे बोलतेय.

आपल्या घरांत पुरुषाला एकच भावना माफ, राग. दुःख, भीती, अपमान, सगळं त्याच एका नळातून बाहेर. माझे बाबाच घ्या. मकरपुऱ्यातला त्यांचा कारखाना बंद पडला, घरी अवाक्षर नाही. रोज वरणात मीठ कमी. कमी नसायचंच! आई वाढताना वाटीकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघायची. कारखान्याचं कळलं ते शेजारच्या मावशींकडून, तोवर आम्ही सगळ्यांनी वरणाचा धसका घेतला होता.

मान्य, मुलांना हे वळण लावण्यात आयांचाही हात आहे. उठसूट रडत बसा असंही म्हणत नाहीये.

पण २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, त्यात १,२२,७२४ पुरुष. सरकारी आकडा आहे. त्यातल्या कितीजणांची आधी नुसती चिडचिड दिसली असेल? आपण म्हणून मोकळे, "स्वभावच तापट."

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा सकाळपासून वॉर्डबॉयवर खेकसत होते. मी सहज विचारलं, "बाबा, चिडलाय की भीती वाटतेय?" बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डोळा आहे गं." नंतर त्याच पोराला त्याचं गाव विचारत बसले. वरणाच्या दिवसांत कुणीतरी असं विचारायला हवं होतं. पण तेव्हा त्यांच्यापुढे तोंड उघडायची टाप होती कुणाची?

फक्त "बोल ना, काय झालं" म्हणत समोर बसवू नका. माझा नवरा अशानं "काही नाही" म्हणून मोबाईल उचलतो. तेच ॲक्टिवावर मागे बसून विचारलं, की अकोट्याचा पूल संपेपर्यंत ऑफिसातलं सगळं बाहेर येतं. आणि घरात बोलणं जमतच नसेल तर मानसिक त्रासात बोलायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, गुजरातीतही.

आत्ताच नवऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह केला. "मला काय धाड भरलीय?" म्हणून खेकसला. तरी केला.