'घर सांभाळायला कायदा कशाला?' म्हणणाऱ्यांना

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय: 'आईबापांना सांभाळायला कायदा लागतो, तिथं संस्कार मेले. आजोबांच्या काळी धोरणं नव्हती, तरी घरं एकत्र होती. कायद्यानं घरं मोडतात. सरकारनं उंबऱ्याबाहेर राहावं.' मला एकत्र कुटुंब मनापासून हवं आहे, म्हणूनच हे पटत नाही.

आजोबांच्या काळी बहुतेकांचं काम आणि चूल एकाच जागी होती. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलच्या खरड छाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला आजही भाऊ, जावा, म्हातारी माणसं एकत्र राबतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत मात्र नवरा सेकंड शिफ्टला, बायको जनरलला आणि आईवडील गावाला. त्यांच्या संस्कारांना नावं ठेवण्याआधी पाथर्डी फाट्यावरचा त्यांचा वन बीएचके बघा, तिथं आणखी दोन अंथरुणं पडतील का? म्हाडाच्या सोडतीत आईवडिलांना सोबत ठेवणाऱ्यांना शेजारशेजारची दोन घरं मिळाली पाहिजेत. हे सरकारनं नाही तर कुणी करायचं?

कायद्यानं घर मोडतं, हे तर साफ चूक. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा निर्वाह कायदा 2007 चा. अर्ज प्रांताधिकाऱ्याकडे करायचा, वकील नेमायची गरज नाही. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय त्यातच आहे. सत्तरीची आई प्रांत कचेरीच्या पायऱ्या चढते, तेव्हा घर केव्हाच मोडलेलं असतं.

उलट कायदा तोकडा पडतो तो भलत्याच ठिकाणी. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुला-नातवंडांना बक्षीसपत्रानं द्यायची तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. घर घरातच राहावं म्हणून दिलेली ही सवलत चांगलीच आहे. निर्वाह कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मागता येते. पण दस्तात 'आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं' ही ओळच नसेल, तर ती अट होती हे सिद्ध करता करता म्हाताऱ्या माणसांचा जीव मेटाकुटीला येतो. मुलाकडं ही ओळ मागायची आईबापांना लाज वाटते. मग दुय्यम निबंधकानंच नोंदणीआधी विचारावं, 'आजी, अट लिहायची का?' आणि उत्तर दस्तात नोंदवावं. याला सरकारचा पैसाही लागत नाही.

याच मजकुराखाली दुसरी बाजू लिहिते की कुटुंब धोरण म्हणजे बाईला घरात कोंडायचा डाव. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिली आणि 50 किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला पाळणाघर बंधनकारक केलं. यात कोंडणं कुठं आलं? अडचण आहे ती वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपांची, ती या नियमातून सुटतात. सातपूर-अंबडला एमआयडीसीनंच सामाईक पाळणाघरं काढावीत आणि ती सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत उघडी ठेवावीत.