‘कमांड प्रॉम्प्ट शिकू नका’ या सल्ल्याला उत्तर

संगणक शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सतत फिरत असतो. त्याचा आशय असा : कमांड प्रॉम्प्ट (कीबोर्डवर आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम करून घेण्याची काळी खिडकी) ही डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या प्रणालीच्या, काळातली शिळी गोष्ट असून आता सगळे माऊसने होते, ती शिकायला प्रोग्रामिंग आणि चांगले इंग्रजी लागते, शॉर्टकट ही परीक्षेपुरती घोकंपट्टी आहे, आणि एक आज्ञा चुकली तरी संगणक कायमचा बिघडतो. मी परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी संगणक शिकवतो, आणि हा संदेश वाचून मुले पहिल्या पायरीवरूनच मागे फिरतात याचे मला फार वाईट वाटते.

एमएस-डॉस १९८१ साली आले, हे खरे आहे. पण विंडोज ११ मध्येही कमांड प्रॉम्प्ट आहेच, कारण काही प्रश्नांचा उलगडा तिथेच लवकर होतो. पीक विम्याच्या मुदतीचे शेवटचे दिवस आठवा. सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली असते, संकेतस्थळ उघडत नाही, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच ऐकून शेतकऱ्याला दिवसाची मजुरी बुडवून परत जावे लागते. अशा वेळी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर आपल्या राउटरचा पत्ता दिसतो. त्या पत्त्याला पिंग केल्यावर, म्हणजे ‘पिंग’ या आज्ञेने हाक देऊन पाहिल्यावर, चारही वेळा उत्तर आले नाही, तर दोष बहुधा आपल्याच केबलचा किंवा वायफायचा असतो आणि तो जागेवर दुरुस्त होऊ शकतो. राउटर उत्तर देतो, पण गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता देत नाही, तर बाहेरची लाइन तपासायला सांगावी. दोन्ही उत्तरे येतात, तरी नावाने कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर, घ्यावा. हे सगळे ठीक असून एकच संकेतस्थळ अडत असेल, तरच सर्व्हरला बोल लावणे योग्य. (त्या संकेतस्थळालाच पिंग करून मात्र निष्कर्ष काढू नये; पुष्कळ सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.) माऊसच्या किती टिचक्यांनी हा उलगडा झाला असता?

इंग्रजीचा मुद्दा मी पूर्णपणे फेटाळत नाही, कारण आज्ञांची मदत इंग्रजीतच येते आणि जुन्या काळ्या खिडकीत मराठी नावाच्या फाइलींच्या जागी अनेकदा नुसत्या चौकटी दिसतात. तरीही सुरुवातीला लागणारे शब्द दहा-बाराच असतात आणि ते व्याकरणाशिवाय चालतात. प्रोग्रामिंगचा तर इथे संबंधच नाही.

शॉर्टकट घोकावे लागतात, असे ज्याला वाटते त्याने कीबोर्डची खालची ओळ पाहावी. रद्द करणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांसाठी कंट्रोलबरोबर दाबायच्या झेड, एक्स, सी आणि व्ही या कळा तिथे ओळीने शेजारी-शेजारी आहेत; त्या बोटांनाच पाठ होतात. एकाच अर्जात नाव मराठीत आणि इंग्रजीत भरणाऱ्याला विंडोज आणि स्पेस या दोन कळांनी कीबोर्डची भाषा बदलता आली, तर दिवसभरात त्याचा किती वेळ वाचतो, हे त्यालाच विचारावे.

राहिला बिघाडाचा धाक. ‘डेल’ या आज्ञेने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि डिस्कचे भाग पाडणाऱ्या व पुसणाऱ्या ‘डिस्कपार्ट’ला नवशिक्याने हात लावू नये, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. पण साध्या रीतीने उघडलेल्या खिडकीला प्रशासकाचे अधिकार नसतात. त्यामुळे विंडोजच्या मूळ फाइलींना धक्का लावणाऱ्या आज्ञा तिथे नाकारल्या जातात, आणि फाइलींची नुसती यादी पाहून तर काहीच बिघडत नाही. खरा धोका अज्ञानात आहे. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असे सांगणारी काही बनावट पाने आधी विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, आणि शेवटी एंटर दाबायला लावतात, आणि त्या पानाने गुपचूप क्लिपबोर्डवर (नक्कल केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी) ठेवलेली घातक आज्ञा वापरणाऱ्याच्याच हातून चालवून घेतात. विंडोज आणि आर या कळांनी ‘रन’ची चौकट उघडते आणि तिथे चिकटवलेली ओळ ही संगणकाला दिलेली आज्ञा असते, हे ज्या मुलीला वर्गात कळले आहे, तिचे बोट एंटरवर जाण्याआधी थांबते.