सगळे क्लब नऊ गुंठे

गोल्फच्या बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात असा नियम आहे. माझ्याकडे बाराच आहेत, आणि खरं सांगायचं तर एक असता तरी भागलं असतं. कारण माझा नाईन आयर्न (आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचा, नंबरवाला क्लब) 100 यार्ड जातो, सेव्हन आयर्न 100 जातो, आणि फाईव्ह आयर्न, ज्याने या दोघांच्या बराच पुढे जायला पाहिजे, तो पण 100च जातो, फक्त जाताना जमीन धरून जातो. म्हणजे पहाटे उठायचं, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत रेंज, म्हणजे सरावाचं मैदान, गाठायची, बॅगेतून वेगवेगळे क्लब ऐटीत काढायचे, आणि सगळे चेंडू नेऊन एकाच जागी टाकायचे, की बाबा उचलणाऱ्या पोराला त्रास नको.

पुस्तकी हिशोब सोपा आहे. नंबर जेवढा लहान तेवढा क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उभा आणि दांडा लांब, त्यामुळे चेंडू जास्त लांब, आणि शेजारच्या दोन क्लबांत साधारण 10 ते 15 यार्डांचा फरक पडायला हवा. माझ्या क्लबांना हा हिशोब कोणी सांगितलेला नाही.

माझे सासरे मोजणी खात्यातून रिटायर झालेत. माणूस रिटायर होतो, मोजणी होत नाही. एकदा हौसेने रेंजवर आले, मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि पहिला प्रश्न, "तो शंभरचा बोर्ड कुठून मोजलाय?" मी म्हटलं इथूनच, मॅटपासून. "मॅटा तर पुढे सरकवलेल्या दिसतायत. बांध सरकवला म्हणून सातबारा बदलतो का?" मग यार्ड म्हणजे किती फूट ते विचारलं, मी म्हटलं तीन, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, कारण गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे बरोब्बर 11 यार्ड. "म्हणजे जावईबापू, एका क्लबात न् दुसऱ्यात एका गुंठ्याचा फरक पाहिजे. आणि तुम्ही सगळेच नऊ गुंठ्यांवर टाकताय." तेव्हापासून आमच्या घरात माझा गोल्फ गुंठ्यात मोजतात. बायको फोनवर बहिणीला सांगते, "नाही गं, अजून नऊच." पुण्याजवळ नऊ गुंठे असणं ही तशी मिरवायची गोष्ट आहे, पण असे नाही.

हे असं का होतं ते आमच्या प्रोंनी सांगितलं. प्रो लहानपणी कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणारे, होते, आता शिकवतात, मला साहेब म्हणतात आणि त्या एका 'साहेब'मध्ये काय काय बसवतात ते ऐकणाऱ्यालाच कळतं. "साहेब, उभा फेस चेंडू वर नेत नाही, वर नेतो तुमचा स्पीड. स्पीड नाही तर चेंडू उठत नाही, उठला नाही तर लगेच पडतो." म्हणजे लॉफ्ट, फेसचा मागे झुकलेला कोन, कमी करून जे कमवायचं ते उंची गेल्यामुळे घालवायचं, आणि बेरीज येते शंभर. फाईव्ह आयर्न वगैरे मंडळी जोरात स्विंग असलेल्या, म्हणजे क्लब जोरात फिरवणाऱ्या लोकांसाठी, आमच्यासारख्यांनी त्या जागी हायब्रिड नावाचा जाड डोक्याचा क्लब वापरावा, त्याचं वजन खाली आणि मागे असतं म्हणून तो चेंडू सहज उचलतो.

शेजारच्या मॅटवरचे एक काका मात्र त्यांचा सेव्हन 150 जातो असं न विचारता सांगतात. मी घरी येऊन वाचून काढलं. हल्लीच्या बऱ्याच सेव्हन आयर्नचा लॉफ्ट 30 अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो, पूर्वी 34-35 असायचा, म्हणजे काका मारतात जुन्या हिशोबातला सिक्स नाहीतर फाईव्ह, खाली सात लिहिलंय एवढंच. हे कळल्यावर जे समाधान मिळालं ते प्रॅक्टिसने अजून मिळालेलं नाही.

तर अंतर वाढवायला सामान्य माणूस काय करतो, जोर लावतो. मीही लावला. जोर लावला की पाठ दुखते, चेंडू उजवीकडे जातो, आणि मागून कोणीतरी "डोकं वर केलंत" म्हणतो. रेंजवर हा सल्ला फुकट मिळतो, चहाचे मात्र पैसे पडतात. मग प्रोंनी मला पायाला मारायचा पावडरचा स्प्रे आणायला लावला. तो क्लबच्या फेसवर मारायचा, पांढरा थर बसतो, आणि चेंडू जिथे लागला तिथे डाग उठतो. माझे डाग टोकाला होते, दांड्याच्या मुळाशी होते, खालच्या कडेला होते, आणि मधला भाग शोरूममधून आणल्यासारखा कोरा. चेंडू मध्यावर लागला नाही तर स्विंगचा जोर चेंडूत पोचतच नाही, बराचसा जोर क्लब हातात वळण्यात जातो, आणि मी तर जोर वाढवून तो अजून लांब-लांब कोपऱ्यात वाया घालवत होतो. बायकोने स्प्रे बघून विचारलं पायाला काय झालं, मी म्हटलं पायाला नाही सेव्हन आयर्नला, तिने पुढे काही विचारलं नाही.

त्यात मॅट. मॅट भयंकर खोटारडी असते हो. आयर्नने आधी चेंडू आणि मग जमीन लागायला हवी, गवतावर मातीचा तुकडा चेंडूच्या पुढे उडायला हवा. पण मॅटवर क्लब चार बोटं मागे आपटला तरी घसरत येऊन चेंडूला लागतो, आवाज झकास येतो, आपण खूश. तोच शॉट खऱ्या कोर्सवर मारला की क्लब जमिनीत रुततो आणि चेंडू पुढे दहा पावलं जाऊन थांबतो, म्हणजे जेमतेम एक गुंठा. प्रोंनी चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर टॉवेल टाकला. "टॉवेलला लागायचं नाही साहेब, आणि ताकद आपली निम्मी." पहिल्या दिवशी टॉवेल चेंडूपेक्षा लांब गेला. पण हळूहळू टॉवेल जागेवर राहायला लागला, आणि एके दिवशी निम्म्या ताकदीत सेव्हन 100च्या बोर्डावरून गेला, हाताला काही लागल्यासारखं वाटलंच नाही, मला वाटलं शेजारच्या काकांचा चेंडू.

ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं, सगळं उलट. आयर्न खाली जाताना मारायचा, ड्रायव्हर वर येताना. चेंडू डाव्या टाचेसमोर, टी (चेंडू ठेवायची खुंटी) उंच, अर्धा चेंडू क्लबच्या डोक्यावर दिसायला हवा. आता टॉवेलने महिनाभर जे अंगात मुरवलं तेच इथे विसरायचं, आणि परत पुढच्या शॉटला आठवायचं. रेंजवर एक मशीन आहे, ते स्पीड दाखवतं. चेंडूचा स्पीड क्लबच्या स्पीडच्या जवळपास दीडपट आला तर ड्रायव्हर अगदी बरोबर लागला असं समजतात. माझा आकडा मी सांगत नाही, सासऱ्यांनी डायरीत लिहून ठेवलाय.

अशा वेळी मी ॲलन शेपर्ड आठवतो. 1971च्या फेब्रुवारीत अपोलो 14 घेऊन गेलेला, त्याने चंद्रावर सिक्स आयर्नचं डोकं एका दांड्याला लावून चेंडू मारले आणि कित्येक मैल गेला म्हणून सांगितलं. 2021 मध्ये जुने फोटो नीट करून मोजलं तर पहिला 24 यार्ड आणि दुसरा 40. गुरुत्वाकर्षण एक-षष्ठांश, हवा नाही, समोर झाड नाही, तळं नाही, आणि 40 यार्ड! आता त्याला स्पेससूटमुळे एका हाताने मारावं लागलं हे मान्य, पण मैलांच्या गोष्टी सांगायची सवय गोल्फवाल्याला तिथेही सुटत नाही. सासरे म्हणाले, "चार गुंठेसुद्धा नाहीत. आणि तिथे मोजणीला कोण जाणार, म्हणून बोलला."

सध्या परिस्थिती अशी आहे की नाईन 100, सेव्हन साधारण 120, हायब्रिड मूड असेल तर 145. फोर आणि फाईव्ह आयर्न प्रोंच्या सांगण्यावरून ऑनलाईन विकायला टाकलेत. परवा एकाचा फोन आला, नवीन शिकणारा होता बहुतेक, आवाजात उत्साह होता.

"सर, वापर किती झालाय?"

म्हटलं, मॅटवर बराच, चेंडूला फारसा लागलेला नाही.