क्रूस कोरलेला दगड म्हणजे ‘बळकावलेला’ दगड? एका दाव्याची झाडाझडती

आयर्लंडमधल्या क्रूस कोरलेल्या उभ्या दगडांचे फोटो लावून एक मजकूर हमखास फिरतो. हे दगड जुन्या देवतांचे होते, चर्चने वर क्रूस कोरून ते बळकावले. क्रूसाभोवतीचं वर्तुळ म्हणजे सूर्यदेव, कडेवरच्या रेघा म्हणजे ड्रुइड पुरोहितांचे मंत्र. आणि पुरावा? पोप ग्रेगरीचं इ.स. 601 चं पत्र.

पहिला दावा: दगड आधीचा, क्रूस नंतरचा. आर्मा परगण्यातला किलनासॅगर्टचा ग्रॅनाइटचा खांब घ्या. त्याच्या एका बाजूवर जुन्या आयरिश भाषेत लेख आहे: किरान बिकचा मुलगा तेर्नोक याने ही जागा प्रेषित पीटरच्या आश्रयाखाली दिली. लेखाच्या वर आणि खाली क्रूस आहेत, म्हणजे एका मांडणीत बसवलेलं एकच काम. पाठीमागे वर्तुळात बसवलेले छोटे क्रूस आहेत. तेर्नोकच्या मृत्यूची नोंद आयरिश बखरींत 714-716 च्या सुमारास येते, आणि 1960 च्या दशकातल्या उत्खननात इथे आरंभीच्या ख्रिस्ती काळातलं दफनस्थान सापडलं. थोडक्यात, हा दानाचा दगड. आपल्याकडे शिलाहारांच्या गधेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दानाचे दगड, जे काम करत, त्याच जातीचं काम. (फक्त शिवी नाही.)

कोणी म्हणेल, खांब आधीपासून उभा असेल आणि लेख मागाहून कोरला असेल. असेल, पण मग तसं काही दाखवा: क्रूसाने कापलेलं जुनं कोरीवकाम, किंवा पायाच्या खड्ड्यात प्रागैतिहासिक वस्तू. आयर्लंडच्याच केरी परगण्यातल्या रीस्कला 1972 ते 75 दरम्यान उत्खनन झालं. तिथे दगडी प्रार्थनाघराच्या आधीचं लाकडी प्रार्थनाघर, थडगी आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दगडी झोपड्या मिळाल्या. तिथली शिळा पुरुषभर उंचीची. वर वर्तुळाच्या कंसांनी साधलेला क्रूस, खाली गुंडाळत जाणाऱ्या वेली आणि ‘डीएनई’ ही लॅटिन अक्षरं, म्हणजे ‘डोमिने’, हे प्रभो. सगळं ख्रिस्ती वस्तीतलंच.

स्कॉटलंडमधलं अ‍ॅबरलेम्नो तर दावा उलटाच करतं. तिथल्या रस्त्याकडेच्या सर्पशिळेवर मागे प्रागैतिहासिक वाटीखुणा, म्हणजे वाटीसारखे कोरलेले खळगे, आहेत, म्हणजे दगड खरोखर पुन्हा वापरलेला. पण त्यावर क्रूसच नाही! चर्चच्या आवारातल्या शिळेवर क्रूस आहे, पण ती मुद्दाम घडवून, घासून तयार केलेली आहे.

स्वतः पाहायचं तर संध्याकाळी या आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. टाकीने टोचून पाडलेले खळगे सावलीत उमटतात. दोन खोदकामं एकमेकांना जिथे छेदतात तिथेच आधी कोणतं ते कळतं. छेदतच नसतील तर क्रम सांगता येत नाही. झिजेवर विसंबू नका, वाऱ्यापावसाची बाजू आडोशाच्या बाजूपेक्षा लवकर झिजते. खडू भरू नका, कारण मग दगड दिसायचा थांबतो आणि तुमची कल्पना दिसू लागते. तारेच्या ब्रशने दगडफूल खरवडलं तर वरचे कणही जातात, ते परत येत नाहीत. कार्बन चाचणी दगडाची होत नाही, खड्ड्यातल्या कोळशाची होते; आणि भरावात जुना कोळसा मिसळला असेल तर तारीख दगड उभारण्याच्या कितीतरी आधीची निघते.

दुसरा दावा: कडेवरच्या रेघा मंत्र आहेत. खरं तर ती ओघम, दगडाच्या कडेवर रेघा पाडून लिहायची जुनी आयरिश लिपी. बहुतेक लेख ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ एवढेच, नावं षष्ठीत. डिंगल द्वीपकल्पातल्या ब्रँडन डोंगरावरच्या दगडावर तर ‘धर्मगुरू रोनान, कोमगानचा मुलगा’ असं ओघममध्येच लिहिलंय आणि सोबत क्रूसही आहे. ड्रुइडांनी पाद्र्याचं नाव कोरलं असेल तर गोष्ट वेगळी! ओघम मुख्यतः डाव्या कडेने खालून वर वाचतात. क्रूस सरळ आणि लेख उलटा दिसला तर मात्र दगड उपटून उलटा रोवला असण्याची शंका घ्यावी. पुनर्वापराचा खरा माग इथे मिळतो.

तिसरा दावा: वर्तुळ म्हणजे सूर्य. चौथ्या शतकातल्या रोमन शवपेट्यांवर ख्रिस्ताच्या नावाचं चिन्ह पानांच्या गोल माळेत बसवलेलं दिसतं. विजयाची माळ ती. तिथून सुरुवात केली तर सूर्याची गरज उरत नाही.

पोपचं पत्र. ते इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला होतं, आणि त्यातला विषय देवळांचा: मूर्ती फोडा, इमारत राहू द्या, तीर्थ शिंपडून आत वेदी मांडा. आयर्लंड नाही, उभे दगडही नाहीत.

दाव्यात चपखल बसणारा एक दगड मात्र आहे: फ्रान्समधल्या ब्रिटनीतला सेंत-उझेकचा प्रागैतिहासिक मेनहिर, म्हणजे उभा दगड. त्यावर क्रूस आणि ख्रिस्ताच्या छळाची हत्यारं कोरली गेली ती 1674 मध्ये, तेर्नोकनंतर साडेनऊशे वर्षांनी.