सायकलीची बेगमी

यंदा माझी माउंटन बाईक एकूण अकरा वेळा घराबाहेर पडली. बायकोची चार वेळा. पोराची रोजच पडायची, पण ती खरोखरची पडायची, ड्राइव्हवेवर आडवी, आणि मला थेट गाडी रिव्हर्स घेताना दिसायची. आणि या तीन सायकली हिवाळ्यासाठी आवरून ठेवायला मला लागले चौदा तास, कंबरेतला एक मणका आणि आईसमोर उरलीसुरली होती तेवढी इज्जत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं अण्णा म्हणाले, आणि ते सायकलींच्या किमती त्यांना माहीत नसताना म्हणाले.

आम्ही राहतो अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला. इथे हिवाळा कधी येईल ते सांगता येत नाही, पण आला की एप्रिलपर्यंत जात नाही एवढं नक्की, घरी आलेल्या लांबच्या मामासारखा. आमच्या शेजारी साठी उलटलेले एक गृहस्थ राहतात, ते दर ऑक्टोबरमध्ये न चुकता १९९१ च्या हॅलोवीनची गोष्ट सांगतात. ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाला तो ३ नोव्हेंबरपर्यंत पडत राहिला, २८.४ इंच, म्हणजे पोराच्या कमरेइतका, आणि पोरं भुतांच्या पोशाखावर जाडजूड कोट घालून चॉकलेटं गोळा करत फिरली. गोष्टीचं तात्पर्य, ऑक्टोबरातच सगळं आवरून घ्या. हे सांगणारा माणूस स्वतः मात्र सायकल आवरतच नाही. त्याच्याकडे फॅट बाईक आहे, चार इंच रुंद टायर, त्यात हवा जेमतेम पाच-सहा पीएसआय, आणि हा उणे वीसमध्ये बर्फावरून फुसफुस करत जातो. हे खूळसुद्धा बरंचसं इथलंच. सर्ली कंपनीची पग्सली नावाची फॅट बाईक २००५ मध्ये बाजारात आली ती आमच्या शेजारच्या ब्लूमिंग्टनमधून.

असो. मी काही बर्फात जाणाऱ्यातला नाही. मी सायकल ठेवून देणाऱ्यातला आहे.

आता खरं तर मी सगळं दसऱ्यालाच करणार होतो. आई-अण्णा मिरजेहून मे महिन्यात आलेले, नोव्हेंबरच्या मध्यावर परत जायचं तिकीट. म्हटलं खंडेनवमीला सायकली धुऊ, दसऱ्याला पूजा करू, आणि पूजा झाली की लगेच टांगून टाकू. पण ऑक्टोबरात इथे ट्रेल, म्हणजे रानातल्या सायकलच्या मातीच्या वाटा, कोरडे असतात, झाडं पिवळीजर्द झालेली असतात, आणि वर्षभर सोफ्यावर बसलेल्या माणसालासुद्धा वाटतं की अजून एकदा जाऊन येऊ. त्यामुळे धुणं राहिलं. पूजा मात्र झाली.

पूजा आईने केली. तिने तिन्ही सायकलींना झेंडू वाहिला, हँडलला आंब्याची पानं नाहीत म्हणून मेपलची बांधली, आणि हळदीकुंकू लावायला जागा शोधली. सायकलीवर जिथे-तिथे चिखल. स्वच्छ, सपाट, चकचकीत अशी एकच वस्तू तिला दिसली, ब्रेकची डिस्क. मी त्या वेळी बेसमेंटमध्ये कॉलवर होतो. तिने निरांजनाची वात सारखी केली, आणि तेच तुपाचं बोट कुंकवात बुडवून सहाच्या सहा डिस्कवर छान ठसठशीत टिळे लावले.

ज्यांना डिस्क ब्रेक माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या चकतीला तेलाचं बोट लागणं म्हणजे गवयाच्या घशात करवंद अडकणं. चकतीला दोन्ही बाजूंनी आवळून चाक थांबवणारे पॅड ते तेल पितात, आणि मग ब्रेक लागत नाही, नुसता ओरडतो. हे मला कळलं एकदम कायुनाला.

कायुना आमच्यापासून उत्तरेला दोन-सव्वादोन तासांवर आहे. जुन्या लोखंडाच्या खाणी, आता खड्ड्यांत निळंशार पाणी साठलंय आणि मातीच्या ढिगाऱ्यांवरून सायकलचे ट्रेल काढलेत. (नावाची गंमत म्हणजे ज्या कायलर अ‍ॅडम्स नावाच्या माणसाला तिथे लोखंड सापडलं, त्याने आपल्या नावातला ‘काय’ आणि आपल्या कुत्रीचं नाव ‘ऊना’ एकत्र करून हे नाव ठेवलं. आपल्याकडे बंगल्याला ‘सुरमेश’ ठेवतात तसंच.) तर तिथल्या पहिल्याच उतारावर मी ब्रेक दाबला आणि असा काही आवाज निघाला, जसं कोणी डुकराला शेपटीला धरून उचललंय, की पुढच्या वळणावर उभे असलेले चार गोरे लोक आपणहून झाडीत गेले. मी त्यांच्यासमोरून किंचाळत, म्हणजे सायकल किंचाळत आणि मीही, खाली गेलो.

परत आलो तेव्हा सायकली, मोजे, गाडीच्या सीटा, पोराचे कान, सगळं लालभडक. आई म्हणाली, ‘अगोबाई, ही तर महाबळेश्वरची माती!’ आणि तिला खरंच बरं वाटलं. कुंकवाचं मी काही बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

मग उजाडला नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्या दिवशी इथे घड्याळ एक तास मागे जातं, म्हटलं तो फुकटचा तास सत्कारणी लावू. नळी लावून फर्रकन सायकली धुवायच्या असा बेत. तर बाहेरच्या नळाला पाणीच नाही. कारण दोनच आठवड्यांपूर्वी मी स्वतः, नवऱ्याने घरात जबाबदारीने वागायला हवं म्हणून, बाहेरची लाइन आतून बंद करून, पाणी काढून, नळी गुंडाळून ठेवलेली. नाही तर पाइपात पाणी गोठतं आणि पाइप फुटतो. तेव्हा सोळाशे डॉलरची... जाऊ दे, किंमत नको, अण्णांना कळेल... तर ती सायकल मी चार डिग्रीत बादली आणि तांब्याने धुतली. आई आतून गरम पाणी आणून देत होती. पाठ चोळायला कोणी नव्हतं एवढंच, बाकी सगळं दिवाळीच्या पहिल्या अंघोळीसारखं.

अण्णा खुर्ची टाकून बसलेले. अण्णांनी मिरजेत पस्तीस वर्षं एकच सायकल चालवली. तिला रॉड ब्रेक, मागे कॅरियर, आणि दर दिवाळीआधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ओव्हरऑइलिंग. माणूस सायकल सगळी खोलायचा, छर्रे रॉकेलमध्ये टाकायचा, ग्रीस भरायचा, चाकाचा आउट काढायचा, संध्याकाळपर्यंत तयार. ‘तुमच्याकडे ओव्हरऑइलला देत नाहीत का?’ त्यांनी विचारलं. म्हटलं देतात, पण आता तारीख मार्चची मिळतेय. ‘मग रॉकेल आण.’ अमेरिकेत रॉकेल कुठे मिळतं ते मला माहीत नाही असं म्हणायची वेळ माझ्यावर आली, वीस वर्षं इथे राहून.

चेनला मी ते डब्यातलं संत्र्याच्या वासाचं डिग्रीझर लावून घासत बसलो. शेजारी आई आली, बघून गेली, आणि देवांचा ब्रश आणि पितांबरीची पुडी घेऊन परत आली. तिने पोराच्या सायकलचा मागचा कॅसेट, तो बारा दातेरी चकत्यांचा मनोरा, मांडीवर फडकं घेऊन समईसारखा घासला. अर्ध्या तासात तो असा लखलखला की आमच्या दोघांच्या सायकली त्याच्याशेजारी मोलकरणीसारख्या दिसायला लागल्या. ‘चिंच असती तर अजून निघालं असतं,’ ती म्हणाली. ॲल्युमिनियमला चिंच लावायची नाही हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

इथपर्यंत ठीक होतं. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी आदल्या रात्री यूट्यूबवर सात व्हिडिओ बघितले होते, आणि त्यातल्या एकाने सीलंट तपासा म्हणून सांगितलं होतं.

या टायरांत ट्यूब नसते. त्याऐवजी आत दुधासारखं पातळ लॅटेक्सचं सीलंट ओतायचं, काटा लागला की ते आपोआप भोकात जाऊन घट्ट होतं. कल्पना उत्तम. फक्त ते काही महिन्यांत वाळतं, म्हणून मधूनमधून बघावं लागतं. बघायचं म्हणजे काडी घालून बघता येतं, व्हॉल्व्हमधून, पाच मिनिटांचं काम. हे आठव्या व्हिडिओत होतं. मी सातच पाहिले होते, म्हणून मी बेसमेंटमध्ये, बायको ऑफिसला वापरते त्या खोलीत, कार्पेटवर, टायर रिममधून सरळ उपसला.

आत एक रबराचा गोळा निघाला, पांढरा, लिबलिबीत, त्याला शेंड्या फुटलेल्या. त्याच्यामागून वाटीभर पाणी, अमोनियाचा भपकारा मारणारं, कार्पेटवर. आई वाकून बघत म्हणाली, ‘खरवस बिघडलाय.’ पोराने तो गोळा शाळेत दाखवायला नेण्यासाठी डब्यात भरला. बायको जिन्यावर उभी होती आणि काहीच बोलली नाही, आणि बायको काही बोलत नाही तेव्हा काय समजायचं ते मला लग्नाच्या पंधरा वर्षांनी कळतं.

नवीन सीलंट ओतून टायर परत बसवायचा तर त्यात एकदम जोरात हवा मारावी लागते, म्हणजे टायरची कड रिमच्या खाचेत जाऊन बसते. पंप मारतोय, मारतोय, काही होत नाही, घाम आलाय, आणि मग एकदम धडाम्. बंद बेसमेंटमध्ये तो आवाज सुतळी बॉम्बच्या वरताण होतो. वरून आईच्या हातातली ताटली पडल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या कडेचा दुसरा धडाम्. मिनेसोटात उडणारे आणि फुटणारे फटाके कायद्यानेच बंद आहेत, त्यामुळे फटाक्यांविना दिवाळी गेली म्हणून अण्णा हिरमुसलेले, ते जिना उतरून खाली आले आणि म्हणाले, ‘अजून आहेत का?’

होते. अजून पाच टायर होते.

तेवढ्यात चाकं बाहेर काढून ठेवलेली पाहून अण्णांनी ‘ब्रेक लागतो का बघू’ म्हणून माझ्या हँडलवरचा ब्रेक दाबला. एकदा नाही, तीनदा. हे हायड्रॉलिक ब्रेक, मध्ये डिस्क नसताना दाबला की दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात आणि सोडत नाहीत, जुन्या मैत्रिणी लग्नात भेटल्यासारख्या. मग चाक आत जात नाही. पुढचा पाऊण तास मी टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने त्यांना एकमेकींपासून दूर करत होतो. ‘आमच्या रॉड ब्रेकला हे नव्हतं,’ अण्णा म्हणाले. मी नवीन पॅड मागवले. तसेही तुपाचे झाले होतेच.

टांगायचं काम अंधारात झालं, कारण घड्याळ मागे गेलं की संध्याकाळी पाचलाच अंधार. तो फुकटचा तास कुठे गेला कळलं नाही. माझी सायकल हुकला लागेपर्यंत तिसरी वेळ, कंबरेत कट्. सीट खाली गेलेली असताना सीटला धरून सायकल उचलायची नाही, नाही तर सीटच्या वरखाली होणाऱ्या दांड्यात हवा शिरते, असं व्हिडिओ क्रमांक दोनमध्ये होतं, म्हणून मी चांगली फ्रेम धरून उचलली. माझ्या कंबरेबद्दल कुठल्याच व्हिडिओत काही नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर काढायला गेलो तर आदल्या दिवशीचं धुण्याचं पाणी ड्राइव्हवेवर गोठून काच झालेली. त्यावरून मी डब्यासकट रस्त्यापर्यंत गेलो. शेजारचे गृहस्थ फॅट बाईकवरून चालले होते, त्यांनी हात केला.

जायच्या आदल्या दिवशी आई गॅरेजमध्ये गेली. इथे थंडीत उंदीर आत शिरतात हे तिने माझ्या बोलण्यात ऐकलं होतं. आपल्या दोन जुन्या सुती साड्या तिने मधोमध शिवून खोळी केल्या, एक माझ्या सायकलला, एक पोराच्या. कॅसेटला वर्तमानपत्राचा कागद. सीटखाली पोराच्या मोज्यात भरून डांबरगोळ्या बांधल्या. बायकोच्या सायकलला खोळ नाही, कारण साड्या संपल्या, पण तिलाही गोळ्या आहेत. सगळं दहा मिनिटांत. मग हात झटकून म्हणाली, ‘झालं. आता माळ्यावरच्या भांड्यांसारखं पडून राहू दे.’

जानेवारीत एका रविवारी फोन आला. तब्येत झाली, बर्फ झाला, आणि मग, ‘सायकलींना उन्हं दाखवलीस का?’

‘आई, बाहेर उणे तेवीस आहे.’

‘मग खिडकीपाशी आण. बंद ठेवलं की वास लागतो.’

वास लागलाच होता, पण तो डांबरगोळ्यांचा, लोखंडी कपाटातल्या शालूचा. तरी मी कंबर धरून ती खाली उतरवली. गेले तीन दिवस ती हॉलमध्ये खिडकीपाशी उभी आहे, हिरव्या काठांच्या साडीत, उन्हात. बायको अजून बोललेली नाही.