भंडारदऱ्याच्या पाण्याबद्दल तुम्ही दिलेल्या रिव्ह्यूला कॅम्पमालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की खास पोहायला आलो होतो, पाणी बर्फासारखं होतं, चार वाजता पोचूनही पाण्यात उतरू दिलं नाही, मालक अरेरावी करतो, पैसे वाया गेले. नाताळच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन मुंबईहून एवढ्या लांब आलात आणि मनासारखं झालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सकाळी आंघोळीचं गरम पाणी उशिरा मिळालं हेही खरं. कॅम्प भरलेला होता आणि बंब एकच.

पण चार वाजल्याचं जे लिहिलंत ते फार लागलं. सर, चार वाजता तुम्ही इथे पोचलाच नव्हता. चार पन्नासला तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही घोटीत होतात आणि पुढे कुठे वळायचं ते विचारत होतात. ती नोंद माझ्या फोनमध्ये आहे. घोटीहून बारी, मग शेंडी आणि तिथून रतनवाडीच्या रस्त्याने आमच्यापर्यंत यायला सुट्टीच्या गर्दीत तासापेक्षा जास्तच लागतो. तुमची गाडी आत आली तेव्हा आमची पोरं तंबूंपुढचे दिवे लावत होती. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि आमच्या पश्चिमेला डोंगररांग आहे, त्यामुळे पाण्यावरचं ऊन त्याच्याही आधी जातं. खरोखर चार वाजता आला असतात तर मी स्वतः तुम्हाला जॅकेट बांधून उतरवलं असतं. त्या वेळी नाशिकचं एक कुटुंब पाण्यात होतंच. तुमचं ते एक वाक्य वाचून लोकांना वाटतं, हा माणूस भरदिवसा गिऱ्हाइकाला अडवतो.

आता पाण्याबद्दल. बुकिंगच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, "पाणी गार असतं का?" मी म्हणालो होतो, "दुपारी बरं असतं, ऊन गेल्यावर नाही." तेच आजही सांगतो. काठावरच्या खुंटाला नायलॉनच्या दोरीने थर्मामीटर बांधलेला आहे, तुमच्या मुलीने तो वर ओढून बघितलाही होता. त्या दुपारी पाणी २१ अंश होतं. पोहण्याच्या स्पर्धांच्या तलावात २५ ते २८ अंश राखतात, म्हणजे शहरातल्या तलावाची सवय असलेल्याला आमचं पाणी हिवाळ्यात गार लागणारच. पण बर्फासारखं म्हणणं बरोबर नाही. संध्याकाळीही पाण्यात फार फरक पडत नाही, हवा मात्र झपाट्याने उतरते. ओल्या अंगाने बाहेर आलं की वारा झोंबतो आणि हुडहुडी भरते ती त्यामुळे. पहाटे पाण्यावर वाफ दिसते ना, ती पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणूनच.

धरणाचं पाणी हवेच्या मागून चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण भरलेलं असतं, गढूळपणा खाली बसलेला असतो आणि उन्हाची ऊब अजून टिकून असते. पोहायला हेच दिवस सगळ्यात चांगले. पुढे थंडीत वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं, खालचं वर येतं, असं करत जानेवारीपर्यंत सगळाच साठा गार होतो. मार्चपासून वरचा थर तापायला लागतो. एप्रिल-मेमध्ये छातीपर्यंत कोमट आणि पाय खाली सोडले की एकदम गार, हा अनुभव इथे कुणालाही येईल. पण तेव्हा शेतीसाठी आवर्तनं सुटलेली असतात, पाणी मागे जातं आणि काठाला गुडघाभर गाळ उघडा पडतो. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीचा सगळा पाऊस लाल होऊन आत येतो, त्या दिवसांत आम्ही कुणालाच उतरू देत नाही. हे सगळं मी फोनवर प्रत्येकाला सांगतो.

अरेरावीबद्दलही बोलतो. तुमच्या सोबतचे दोघेजण हातात बाटली घेऊन काळोखात दोरीच्या पलीकडे निघाले होते. मी आवाज चढवला, कारण हळू सांगून ते थांबले नाहीत. हे काही तरणतलाव नाही. १९२६ साली बांधून झालेलं ८२ मीटर उंचीचं धरण आहे आणि त्याच्या फुगवट्याखाली जुनी भातखाचरं आणि त्यांचे बांध आहेत. चार पावलं कमरेएवढं पाणी असतं आणि पाचव्या पावलाला डोक्यावर जातं. वर दिसत काही नाही. धरणांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि अंधारात माणूस शोधायला गावातलीच पोरं पाण्यात उतरतात. त्या दोघांच्या जागी माझा भाऊ असता तरी मी तसाच ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी अकरानंतर ऊन चांगलं लागतं, तेव्हा उतरा, मी सोबत येतो, असं रात्री जेवताना सांगितलं होतं. तुम्ही नऊलाच सांधण दरीला निघालात. तो तुमचा निर्णय होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग पोहायला मिळालं नाही याचा दोष आमच्यावर येऊ नये.

पैशांचं म्हणाल तर माणशी दरात तंबू, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता होता. नागलीची भाकरी तुमच्या आईंनी दोनदा मागून घेतली, माझ्या आईला त्याचा फार आनंद झाला होता. रिव्ह्यूत जेवणाबद्दल एक शब्द नाही, हे तिने दोनदा विचारलं.

बंबाचं काहीतरी करतोच आहे. पाण्याचं तापमान आणि काठाचा फोटो बुकिंग करणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचाही विचार आहे, जमेल तसं सुरू करू. उतरायची वेळ दुपारी पाचपर्यंतच, असा बोर्डही मोठ्या अक्षरांत लावून घेतो.

आमचा सगळा हंगाम ऑक्टोबर ते जून, त्यातही शनिवार-रविवारचा. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून फोन करणारे आधी तेच विचारतात, "तुम्ही दिवसासुद्धा पाण्यात जाऊ देत नाही का?" स्टार वाढवा असं मी म्हणत नाही. पाणी गार लागलं तर तसं जरूर लिहा. फक्त चार वाजता पोचलो हे तेवढं दुरुस्त करा, एवढी विनंती आहे.

आपला,
कॅम्पमालक, भंडारदरा