पहिल्या पावसाची रात्र आपली नाही

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच पोस्टर आलं. जूनचा पहिला शनिवार-रविवार, आंबोली, नाइट ट्रेल, 'सायटिंगची खात्री', जागा पंचवीस. खाली आंबोली टोड या बेडकाचा आणि मलबार चापडा या सापाचा फोटो. दोन मैत्रिणींनी लगेच विचारलं, "तू तर दरवर्षी जातेस. ही ट्रिप करू का आम्ही?" मी म्हटलं, आंबोलीला जरूर जा, पण या तारखांना नको आणि या लोकांबरोबर तर नकोच. फोनवर पाच मिनिटांत कारण सांगून होईना, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

माझं माहेर सावंतवाडीचं. तिथून घाट चढून तीसेक किलोमीटरवर आंबोली. लहानपणी आंबोली म्हणजे धबधबा, गरम भजी आणि धुक्यात वडिलांचा हात घट्ट धरून चालणं. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा कळलं की पुण्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दहापट आंबोलीत पडतो, सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या पावसावर तिथलं सदाहरित आणि निमसदाहरित रान उभं आहे. जांभूळ, अंजनी, बुंध्यांवर शेवाळाचा जाड थर, शेवाळात नेचे, फांद्यांवर ऑर्किडं. भर दुपारी आत शिरलं तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

ताडोबा करून आलेल्या माणसाला या रानात पहिल्यांदा काहीच दिसत नाही. इथले जीव लहान, रंगाने पानासारखे नाहीतर सालीसारखे, आणि बहुतेक निशाचर. दिसायला लागतात तेव्हा ते हाताच्या अंतरावर असतात. मला काळजी वाटते ती इथेच. ताडोबात तुम्ही जिप्सीत बसलेले असता. गेट असतं, वेळ ठरलेली असते, गाड्या मोजलेल्या असतात, खाली पाय ठेवता येत नाही. आंबोली-दोडामार्गचं साधारण ५७ चौरस किलोमीटर रान आता संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, हे फार चांगलं झालं. पण सगळा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, काही त्या हद्दीत येत नाही, आणि सड्यावर फाटक नाही. तिथे रात्री कोण जातंय, किती जण जातायत, पाय कुठे ठेवतायत, हे बघायला कुणीच नसतं. सगळी भिस्त येणाऱ्या माणसाच्या विवेकावर.

आता त्या टोडबद्दल. अंगठ्याएवढा, तपकिरी, कुशीवर पिवळे पट्टे. वाघासारख्या पट्ट्यांमुळेच त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्राइनी टायगेरिना ठेवलं. हे नाव त्याला २००९ साली मिळालं, म्हणजे माझ्या बारशाच्या कितीतरी नंतर. आंबोली आणि आसपासचा भाग सोडला तर जगात तो कुठेही मिळत नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी.

वर्षाचे बहुतेक महिने हा प्राणी कपारीत, दगडांखाली असतो. वळिवाच्या किंवा मान्सूनच्या पहिल्या सरी सड्यावर कोसळल्या, कातळातले खळगे भरले, की सगळे एकदम बाहेर येतात. नर, माद्या, सगळे. मोजक्या रात्रींत जोड्या जमतात आणि त्या उथळ पाण्यात अंडी घातली जातात. नदी नको, तळं नको, कातळावरचं ते बोटभर पाणी हवं. का, तर तिथे मासे नसतात, मोठे बेडूक नसतात. खळगा आटायच्या आत पिल्लांना वाढून बाहेर पडायचं असतं, त्यामुळे तिथला प्रत्येक दिवस मोलाचा.

मी असा खळगा अगदी जवळून बघितलाय. जेवणाच्या ताटाएवढा. पाणी इतकं नितळ की तळाचा जांभा दाणा न् दाणा दिसत होता. त्यात तीन जोड्या, आणि एक एकटा नर कडेला, पुढचे दोन्ही पाय कातळाला टेकवून बसलेला. शेजारचा खळगाही तेवढाच. पण त्यात कुणाचातरी बूट पडून गेला होता. पाणी लाल झालेलं, आणि नक्षीदार तळव्याचा ठसा गाळात स्पष्ट उमटलेला. त्या गाळाखाली काही होतं की नाही, मला माहीत नाही. मी हात घालून बघितलं नाही. पण त्या रात्री माझ्याही पायात तसलेच बूट होते, आणि मीही तो खळगा दिसेपर्यंत वर बघत चालले होते.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. ज्या रात्री आपल्याला सगळ्यात जास्त बघायला मिळतं, तीच त्या जिवाची वर्षातली सगळ्यात महत्त्वाची रात्र असते. पंचवीस माणसं, पन्नास बूट, पंचवीस टॉर्च, आणि असे चार-पाच ग्रुप एकाच शनिवारी एकाच सड्यावर. पहिल्या पावसाचे ते आठ-दहा दिवस सड्यावर रात्री कुणीच जाऊ नये. अभ्यास करणारे परवानगी घेऊन जातील, गावातले लोक आपल्या कामाला जातील, तेवढं पुरे. ग्रामपंचायतीने आणि वनखात्याने मिळून हे ठरवावं असं मला मनापासून वाटतं. पण ते ठरेपर्यंत आपण स्वतः थांबायला काय हरकत आहे?

रस्त्याचंही तेच. सावंतवाडी-बेळगाव रस्ता आंबोलीच्या मधून जातो. पहिल्या पावसात रात्री त्या डांबरावर टोड असतात, बेडूक असतात, खापरखवल्या साप असतो, कधी गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर, देवगांडूळही असतं. सकाळी बघाल तर डांबराला चिकटलेले, वाळलेल्या पानासारखे चपटे. बेडूक बघायला निघालेली गाडीच बेडकांवरून जाते, आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. घाट चढून जायचंच असेल तर उजेडात पोचा. रात्री अगदीच अडलं तर गाडी वीस-तीसच्या वर नेऊ नका.

आता 'या लोकांबरोबर नकोच' असं का म्हटलं ते सांगते. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका ग्रुपबरोबर गेले होते. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका ग्रुपचा नाही. रात्री नऊच्या सुमाराला कमरेएवढ्या झुडपात मलबार चापडा दिसला. पोपटी-पिवळसर, फांदीभोवती दोन वेटोळी, डोकं खाली. हा साप पाठलाग करत नाही. डोळा आणि नाकपुडीच्या मधे त्याला उष्णता कळणारी खाच असते, तिच्या भरवशावर तो दबा धरून बसतो. एकेका जागी कित्येक दिवस बसतो. ती फांदी म्हणजे त्याचं घर, आणि जेवायची जागाही तीच.

आमच्या लीडरने हुकाची काठी काढली. "मागे पसारा फार आहे, बॅकग्राउंड क्लीन नाही," म्हणाला आणि साप उचलून एका शेवाळलेल्या ओंडक्यावर ठेवला. मग बाटलीतून पाणी शिंपडलं, थेंब चमकावेत म्हणून. आम्ही चौदा जण अर्धगोलात. जवळजवळ पाऊण तास फ्लॅश उडत होते. साप ओंडक्यावरून उतरायला लागला की काठी पुढे यायची. शेवटी तो निघायचा थांबला. सगळे म्हणाले, "आता कसा शांत बसलाय बघा."

तो शांत बसला नव्हता. मला तेव्हाच ते कळत होतं, आणि तरी मीसुद्धा सहा फोटो काढले. ते अजून माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत, मी ते कधी कुठे टाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी मी त्या झुडपाकडे जाऊन आले. फांदी रिकामी होती.

त्याच ट्रिपमध्ये हातावर घेऊन दाखवलेले बेडूक तर मोजलेच नाहीत. मलबारी उडत्या बेडकाच्या बोटांमधले लाल पडदे सगळ्यांना बघायचे होते, म्हणून तो या हातातून त्या हातात फिरला. बेडकाची कातडी आपल्यासारखी नसते. त्यातून तो श्वास घेतो, पाणी घेतो. आपल्या हाताला डास पळवायचं क्रीम असतं, सॅनिटायझर असतं, ते थेट त्याच्या अंगात जातं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कायट्रिड नावाची एक बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते. तिच्यामुळे जगभरात पाचशेवर उभयचर प्रजातींची संख्या घटली आणि नव्वद प्रजाती नाहीशा झाल्या असाव्यात, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडलंय. पश्चिम घाटातही या बुरशीची नोंद आहे. ओल्या चिखलाच्या बुटांवरून ती एका रानातून दुसऱ्या रानात जाऊ शकते. या शनिवारी ताम्हिणी, पुढच्या शनिवारी आंबोली, त्याच्या पुढच्याला चोर्ला, आणि बूट तेच, ओलेच. घरी आल्यावर बूट घासून धुवा, खडखडीत वाळवा आणि मगच दुसऱ्या रानात घाला. यात कष्ट काहीच नाहीत.

हे फक्त पावसाळ्याचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोडामार्गच्या बाजूला लोक महाधनेश बघायला जातात. आमच्याकडे त्याला माडगरुड म्हणतात. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून टाकते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आतल्या सगळ्यांचं पोट नराच्या फेऱ्यांवर. त्या झाडाखाली दहा माणसं ट्रायपॉड लावून बसली तर नर चोचीत फळ घेऊन लांबच्या झाडावर बसून राहतो. आपल्याला वाटतं, वा, किती वेळ बसला, किती छान फोटो मिळाले. आत कोण उपाशी आहे ते आपल्याला दिसत नाही.

मग जायचंच नाही का, असं एका मैत्रिणीने विचारलं. जायचं. जायलाच हवं. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत आज घरगुती राहायची सोय आहे, रान दाखवणारी गावचीच मुलं आहेत. आंबोलीतल्या मलबार नेचर कॉन्झर्व्हेशन क्लबसारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं बेडूक-सापांबद्दल गावात आणि बाहेरच्यांत गोडी लावली. उभ्या रानातून चार पैसे मिळत असतील तर ते रान राखायला गावाला बळ मिळतं. हिरण्यकेशीच्या देवळापाशी शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी तो परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. देवाच्या जागेतल्या माशाला कुणी हात लावायचा नाही हे गावाला शिकवावं लागलं नव्हतं. पावित्र्य कसं पाळायचं हे आपल्याला येतं की! पण मुंबई-पुण्याच्या आयोजकाने माणशी पाच-सहा हजार घ्यायचे, जेवण-खाण सोबत आणायचं आणि गावातल्या वाटाड्याच्या हातावर रात्रीचे पाचशे टेकवायचे, असं मी बघितलंय. अशा पर्यटनाने गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो. कावळेसादच्या दरीत वाकून बघा, बाटल्या दिसतील.

खात्री मागणं तर पूर्ण बंद करा. 'टोड दिसेल ना?' असं आपण विचारतो, म्हणून आयोजक पोस्टरवर खात्री छापतो, म्हणून वाटाड्या दुपारीच साप शोधून डब्यात ठेवतो आणि रात्री झुडपात सोडतो. हेही होतं. पैसे भरण्याआधी विचारा: एका वाटाड्यामागे किती माणसं? सहा-सातच्या वर असतील तर नको. प्राण्याला हात लावता का, हलवता का? 'थोडंसं' म्हणाले तरी नको. राहायचं कुणाकडे, जेवण कुणाच्या हातचं? आणि फोटो टाकताना झुडपाचं, ढोलीचं नेमकं ठिकाण टाकू नका. 'सिंधुदुर्ग' एवढं पुरतं.

मी हल्ली चौकुळच्या एका वहिनींकडे उतरते. सकाळी घावणे, दुपारी काळ्या वाटाण्यांचं सांबारं. त्यांचे दीर रान दाखवतात. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी. पहिल्या वर्षी मी त्यांना फोन केला, जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊ का? म्हणाले, "आता नको गो बाय. जुलयत ये." त्यांच्या घराला त्या आठवड्याचे पैसे हवेच असणार. तरी ते नको म्हणाले.

मी जुलैत गेले. टोडची मोठी गर्दी अर्थातच नव्हती. सड्यावर सोनकी यायला अजून वेळ होता, सगळीकडे नुसतं गवत आणि वाहतं पाणी. ते पुढे, मी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून. एका खळग्यापाशी ते थांबले, उकिडवे बसले आणि टॉर्च कातळाकडे न धरता बाजूच्या गवतावर धरला, म्हणजे उजेड आडून यावा. कातळाच्या कडेला हरभऱ्याच्या दाण्याएवढं एक पिल्लू पाण्यातून वर आलेलं. शेपटीचा टोकेरी अंश अजून शिल्लक. मी नकळत पुढे वाकले, बोट पुढे गेलं असावं.

"हात लावू नको हां, बाय. तेका तेच्या वाटेन जावंदे."

पिल्लू दोन पावलं सरकलं, थांबलं, परत सरकलं. गवताच्या पहिल्या पातीपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला. ते आत दिसेनासं झाल्यावर त्यांनी टॉर्च विझवला, आणि आम्ही तसेच अंधारात पावसात बसून राहिलो.